‘वाजवी’ कोण ठरवणार?

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. आमच्या तालुक्यातला एक तरुण कार्यकर्ता हातात मोबाइल घेऊन आमच्या कार्यालयात आला. हा मुलगा दिवसा एका खाजगी शाळेत शिकवतो आणि रात्री एका मोठ्या समाजमाध्यमावर आपल्या गावच्या विहाराचे पान चालवतो. अभ्यासिकेत कोणती पुस्तके आली, शिष्यवृत्तीचा अर्ज कधीपर्यंत भरायचा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारी गाडी किती वाजता सुटणार, अशी साधी माहिती तो तिथे देतो. साडेअकरा हजार लोक ते पान वाचतात. विहारातील वाचनालयाच्या छायाचित्राखाली कुणीतरी जातीचे नाव घेऊन अत्यंत गलिच्छ शिवी लिहिली. या मुलाने त्या शिवीचा स्क्रीनशॉट काढला, आपल्या पानावर टाकला आणि वर एकच प्रश्न लिहिला, “संविधान स्वीकारून पंचाहत्तर वर्षे होत आली, तरी अजून हीच भाषा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचीच पोस्ट काढून टाकलेली होती. कारण दिले होते ‘द्वेषमूलक मजकूर’. पानावर तीस दिवसांचे निर्बंध आले. आणि शिवी देणाऱ्याविरुद्ध त्याने जी तक्रार केली होती, तिचे उत्तर आले की, या मजकुरामुळे आमच्या नियमांचा भंग होत नाही! शिवी देणारा मोकळा आणि शिवी दाखवणारा गुन्हेगार. तो मुलगा आम्हाला म्हणाला, “जयभीम साहेब. आता तुम्हीच सांगा, आम्ही बोलायचं की नाही?”

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. आणि नवाही नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण वाचल्यावर मंडळाचे धाबे दणाणले. अमुक भाग गाळा, तमुक शब्द बदला, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. परिषद रद्द झाली आणि ते भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापले. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ म्हणून आज जग ते वाचते. पुढे शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘रिडल्स’वरून १९८७-८८ मध्ये महाराष्ट्र पेटला. राम-कृष्णावरील प्रकरण गाळा, अशी मागणी झाली, आणि ते गाळू नये म्हणून आपला समाज लाखोंनी मुंबईच्या रस्त्यावर उतरला. अखेर प्रकरण कायम राहिले आणि या मतांशी शासन सहमत नाही, अशी टीप आली. हा तोडगा आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे. मजकूर राहिला, त्यावर असहमती नोंदवली गेली, आणि वाचकाने आपले मत आपण बनवले.

तेव्हा पान कुणाचे, यावर कुणाचा आवाज निघणार हे ठरत होते. आजही तसेच आहे. फरक इतकाच की, तेव्हा नकार देणारा संपादक पुण्यात बसलेला होता. त्याचे नाव माहीत होते आणि त्याच्याविरुद्ध लिहिता येत होते. आज नकार देणारे यंत्र कोणत्या देशात आहे, हेही कळत नाही.

आता कुणी म्हणेल, मग निर्बंधच नकोत, ज्याला जे बोलायचे ते बोलू द्या. आमचे मत तसे नाही. बाबासाहेबांचेही नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना, मूलभूत हक्कांवर इतके निर्बंध कशाला, या आक्षेपाला त्यांनी उत्तर दिले. अमेरिकेतसुद्धा हे हक्क निरपेक्ष नाहीत, हे त्यांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा दाखला देऊन सभागृहाला दाखवून दिले. अनुच्छेद १९(१)(क) ने भाषणाचे स्वातंत्र्य दिले आणि १९(२) ने त्यावर मर्यादा घातल्या. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने त्या मर्यादांच्या मागे ‘वाजवी’ हा शब्द जोडला गेला. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. वकिलांच्या लेखी हा एक शब्द फार मोलाचा आहे. निर्बंध घालणाऱ्याने तो वाजवी आहे असे नुसते म्हणून चालत नाही, त्याला ते न्यायालयात सिद्ध करावे लागते. ज्याच्यावर निर्बंध घातला त्याला कारण कळले पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. आमच्या तालुक्यातल्या त्या मुलाला यातले काय मिळाले? ना कारण, ना सुनावणी. आमचे भांडण या गोष्टीशी आहे.

या कंपन्यांच्या नियमांत जात नाही, असेही नाही. फेसबुकच्या द्वेषविषयक नियमांत धर्म, वंश, लिंग यांच्याबरोबर जातीचाही उल्लेख आहे. यूट्यूबने जून २०१९ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात जातिश्रेष्ठत्वाचा प्रचार करून भेदभावाचे समर्थन करणाऱ्या चित्रफितींना स्पष्ट बंदी घातली. कागद चांगला आहे. पण कागद चांगला असून भागत नाही, हे अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ सोबत घेऊन जगणाऱ्या आपल्या समाजाला कुणी शिकवायची गरज नाही. राबवणारा कोण, हे पाहावे लागते.

राबवणारे पहिले आहे यंत्र. यंत्र शब्द ओळखते, पण तो शब्द कुणी, कुणाला, कशासाठी वापरला हे त्याला नीट कळत नाही. जातीचे नाव आम्ही आमच्या इतिहासासाठी घेतो, जातीच्या दाखल्यावर घेतो, अत्याचाराच्या फिर्यादीत घेतो. तेच नाव शिवी म्हणूनही फेकले जाते. मराठवाड्यातल्या गावात साध्या वाटणाऱ्या शब्दात किती विष असते, हे गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाला कळते. ‘सरकारी जावई’ या दोन शब्दांत एकही शिवी नाही. पण ते ऐकत महाविद्यालयाची पायरी चढलेल्या आमच्या मुलामुलींना त्यांचा अर्थ विचारा! उघड शिवीसुद्धा या यंत्रातून सुटते, तिथे ही आडवळणाची भाषा त्याच्या हाती कशी लागणार?

भाषेचा हिशेबही पाहा. फेसबुकमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. त्यांच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या बातम्यांनुसार, खोट्या मजकुराची वर्गवारी करण्यासाठी जो वेळ राखून ठेवला होता, त्याच्या खर्चातला ८७ टक्के भाग अमेरिकेसाठी आणि १३ टक्के उरलेल्या सगळ्या जगासाठी होता. हे आकडे अपुरे आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. अपुरे असतीलही. पण भारत ही आमची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणणाऱ्यांनी मराठीसाठी किती माणसे नेमली आहेत आणि त्यांतल्या किती जणांनी जातीचा चटका सोसला आहे, एवढे तरी सांगावे!

राबवणारी दुसरी आहेत माणसे. कापलेली मुंडकी, बालकांवरचे अत्याचार, आत्महत्या, असा जगभरातला मजकूर दिवसभर पाहून तो काढणारी ही माणसे हैदराबादमध्ये आहेत, मनिलात आहेत, नैरोबीत आहेत. बहुतेक जण कंत्राटी आहेत. त्यांच्या मनावर होणाऱ्या आघाताबद्दल २०२० मध्ये फेसबुकने अमेरिकेतल्या अशा कामगारांना ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. केनियातल्या कामगारांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. दुसऱ्यांची घाण स्वतःच्या हाताने उपसणारा माणूस कुणाला दिसू नये, त्याचे वेतन कमी असावे आणि त्याच्या आजाराची जबाबदारी कंत्राटदाराची असावी, ही रचना आपल्याला अनोळखी आहे काय? या कामगारांविषयी आम्हाला राग नाही. एकेका मजकुरावर काही सेकंदांत निर्णय देणाऱ्या माणसाकडून न्यायाची अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे.

आणि सर्वांत वर आहेत धोरण ठरवणारे. त्यांचा अनुभव आपण घेतला आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आले. एका दलित कार्यकर्तीने त्यांना ब्राह्मणी पितृसत्तेचा नायनाट करा, असे सांगणारे पोस्टर भेट दिले. ते हातात धरलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध होताच गदारोळ झाला, आणि हे आमचे मत नाही असे सांगत कंपनीच्या वरिष्ठ अधिकारी महिलेने माफी मागितली. माफी कुणाची? व्यवस्थेवर टीका झाली म्हणून ज्यांना राग आला त्यांची! ज्या स्त्रियांनी या व्यवस्थेचे चटके सोसले, त्यांची नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने वृत्त दिले की, तेलंगणातील भाजपचे आमदार टी. राजा सिंह यांच्या मजकुराला द्वेषविरोधी नियम लावण्यास फेसबुकच्या भारतातील धोरणप्रमुखांनी विरोध केला होता, कारण त्यामुळे कंपनीच्या धंद्याला बाधा आली असती. कंपनीने पक्षपाताचा आरोप नाकारला. परंतु वृत्तानंतर महिनाभरातच, सप्टेंबरमध्ये, त्याच आमदारांवर बंदी घातली. नियम आधीही होता, मग तो वर्तमानपत्रात छापून आल्यावरच का आठवला?

या सगळ्यावर दोन उपाय सुचवले जातात. दोन्ही आपल्याला घातक आहेत.

पहिला उपाय म्हणजे पूर्ण मोकळीक. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतले, ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे नाव घेऊन. काही दिवसांतच जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटा हिनेही अमेरिकेत बाहेरच्या संस्थांकडून होणारी तथ्यतपासणी बंद केली आणि द्वेषविषयक नियम सैल केले. गावच्या चावडीवर सगळ्यांना बोलायची मोकळीक आहे, असे म्हटल्याने तिथे सगळे बोलू शकतात काय? ज्याच्यामागे जमिनी आहेत, जमाव आहे, तो बोलतो. बाकीचे पायरीखाली उभे राहतात. आमच्या एखाद्या भगिनीने आपले मत मांडले की, तिच्यावर शेकडो जण तुटून पडतात आणि ती आपले खाते बंद करते. मग गमावले कुणाचे स्वातंत्र्य?

दुसरा उपाय म्हणजे सगळे सरकारच्या हाती द्या. त्याचाही अनुभव जुना आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई का बंद, एवढेच फेसबुकवर विचारणाऱ्या पालघरच्या मुलीला आणि त्या पोस्टला पसंती देणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. त्या वेळी वापरले गेलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. तरीही पोलीस ठाण्यांत त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. कलम ६९अ मात्र कायम आहे. त्याखालील २००९ चे नियम तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगतात. म्हणजे ज्याचे लिखाण रोखले त्याच्या हाती पुष्कळदा आदेशच पडत नाही. आदेश पाहिलाच नाही, तर तो वाजवी की गैरवाजवी हे तो कसे सांगणार? सरकारविषयीची कोणती माहिती खोटी हे सरकारनेच ठरवायचे, असा २०२३ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने २० सप्टेंबर २०२४ रोजी रद्द केला, ही जमेची बाजू. परंतु सरकारी यंत्रणांना ‘सहयोग’ पोर्टलवरून मजकूर हटवायला सांगता येतो, या व्यवस्थेविरुद्धची एक्स कंपनीची याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने फेटाळली. आज एका पक्षाचे सरकार, उद्या दुसऱ्याचे. सत्तेला प्रश्न विचारणाऱ्याची पोस्ट कोणत्याही सरकारला खुपते, आणि आंबेडकरी माणूस प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही.

मग आपली मागणी काय? मालकाची मर्जी नको आणि मंत्र्याचीही नको. कारण द्या, आमचे ऐका, आणि ऐकणाऱ्यांत आमचाही माणूस ठेवा. ही भीक नाही, याला कायद्याचा आधार आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील नियम ४(८) असे सांगतो की, मोठ्या समाजमाध्यमाने स्वतःहून मजकूर काढताना वापरकर्त्याला कारणे कळवावीत आणि दाद मागण्याची वाजवी संधी द्यावी. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट घातली. अनुच्छेद १४, १९ आणि २१ यांसह संविधानाने नागरिकांना दिलेल्या हक्कांचा कंपन्यांनी आदर करावा. हिंसेला चिथावणी देण्याच्या हेतूने धर्म किंवा जातीच्या आधारावर वैर पसरवणारा मजकूरही त्याच दुरुस्तीने नाव घेऊन निषिद्ध केला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने म्हटले की, अनुच्छेद १९ व २१ मधील हक्क राज्याव्यतिरिक्त इतरांविरुद्धही मागता येतात. ही दारे किलकिली झाली आहेत. ढकलणारे हात हवेत.

म्हणून काही कामाच्या गोष्टी सांगतो. जातीवरून शिवीगाळ झाली की प्रथम रागाने उत्तर लिहू नका. पुरावा जपा. स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ, खात्याचे नाव आणि पोस्टचा पूर्ण पत्ता दिसू द्या. मूळ मोबाइल जपून ठेवा, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. २०२१ मध्ये निवारणाची मुदत १५ दिवसांची होती. हे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा तक्रारीच्या दिवशी काय मुदत आहे हे पाहून घ्या. समाधान झाले नाही तर तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. ते मोबाइलवरूनही होते आणि त्याला वकील लागत नाही.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा तर आहेच. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने समाजाविरुद्ध शब्दांनी द्वेष पसरवणे आणि समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे हेही गुन्हे ठरवले. सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी केलेला अपमान यात चित्रफितीद्वारे इंटरनेटवर केलेला अपमानही येतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मानले. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका यूट्यूब वाहिनीच्या संपादकाला अटकपूर्व जामीन देताना बजावले आहे की, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे एवढ्याने भागत नाही, अपमान जातीच्या कारणावरून झालेला असला पाहिजे. म्हणून फिर्याद लिहिताना नेमके शब्द लिहा. मोघम फिर्याद आरोपीच्या वकिलाला आवडते!

आता थोडे आपल्याविषयी. आपल्याच गटातटांच्या भांडणात आपले तरुण एकमेकांची पाने बंद पाडण्यासाठी शंभर-शंभर जणांना तक्रारी करायला लावतात, हे आम्ही पाहिले आहे. दुसऱ्या गटाच्या नेत्याविषयी आणि त्याच्या घरच्या स्त्रियांविषयी जी भाषा वापरली जाते, ती वाचून मान खाली जाते. तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे. खोटे, चहाडी, कठोर आणि निरर्थक बोलणे टाळा, एवढे साधे ते सांगणे आहे. जे यंत्र आपण आपल्या भावाचे तोंड बंद करायला वापरतो, तेच उद्या आपले तोंड बंद करणार, हे ध्यानात घ्या. मतभेद असेल तर उत्तर लिहा. ‘रिडल्स’च्या वेळी आपण काय मागितले होते, ते आठवा.

त्या मुलाचे पुढे काय झाले? आम्ही तक्रार केली. पंधराव्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले की, निर्णय योग्य आहे. आम्ही अपील दाखल केले. त्याचा निकाल लागण्याआधीच एका सकाळी पान पूर्ववत झाले. का बंद केले होते, का सुरू केले, कुणी कळवले नाही. तोपर्यंत ६ डिसेंबर उलटून गेला होता. गावच्या दोन म्हाताऱ्या आयाबाया गाडीची वेळ न कळल्याने त्या वर्षी चैत्यभूमीला जाऊ शकल्या नाहीत. कंपनीच्या हिशेबी हे नुकसान कुठे मांडले जाणार?

त्या मुलाने मात्र एक गोष्ट केली. त्याने विहाराच्या दाराशी काळा फळा लावला आहे आणि गाड्यांच्या वेळा, अर्जांच्या तारखा आता तो पानावरही लिहितो आणि फळ्यावरही. जाहिरात नाकारली गेली म्हणून ‘मूकनायक’ थांबला नव्हता. परक्याच्या पानावर आपल्या हक्कासाठी लढायचे आणि त्याच वेळी आपले पान, आपला फळा, आपले वर्तमानपत्र जिवंत ठेवायचे, ही दोन्ही कामे एकदमच करावी लागतील. प्रत्येक विहारातून निदान एक मुलगा आणि एक मुलगी अशी तक्रार व अपील करायला शिकून तयार झाली, तर सुरुवात झाली असे आम्ही समजू. आमच्या कार्यालयाचे दार त्यासाठी रविवारी सकाळी उघडे आहे.

जयभीम!